अण्णांसाठी इन्व्हर्टर

लाइट गेली की आमचे अण्णा बंद पडतात. काळजीचं काही नाही; लाइट आली की जिथे थांबले तिथून पुढे सुरू होतात. उदगीरच्या एका कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि या कारणावरून त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही.

हल्ली लाइट दुपारी एकला जाते आणि पाचला येते. त्या वेळी अण्णा जेवून खुर्चीत सुपारी कातरत असतात. ते थांबले की आई आधी त्यांच्या हातातला अडकित्ता काढून घेते, म्हणजे पाचला बोट कापायला नको. मग स्टूल ओढून समोर बसते. पुढे चार तास ती काय करते हे मला ठाऊक नव्हतं, कारण माझी शाळा दुपारची.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा आईने इन्व्हर्टरचा विषय काढला. कारण वयाचं होतं. लग्नात अण्णा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते. कधी दोन तास, कधी सहा, सरासरी रोज चार तास बंद, अशी छत्तीस वर्षं झाली. मी गणित शिकवते, तरी तीनदा करून पाहिलं. या पाडव्याला दोघं एका वयाचे झाले. आता आई मोठी आहे आणि दर सहा दिवसांनी आणखी एका दिवसाने मोठी होते.

अण्णांचा विरोध होता. "बंद असताना मला उकडत नाही, डास चावत नाही. ज्याला त्रासच नाही त्याच्यावर सत्तावीस हजार घालायचे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." यात कोंबडी कोण हे विचारायची सोय नव्हती.

ही चर्चा आठ दिवस चालली, आणि ती ऐकून माझं डोकं उठलं. एक वाजायला मिनिटभर असताना अण्णा म्हणायचे, "माझं शेवटचं सांगणं ऐका, इन्व्हर्टर आपल्याला" आणि थांबायचे. आम्ही दोघी चार तास ताटकळायचो. पाचला "परवडत नाही" असं यायचं आणि ते उरलेली सुपारी कातरायला घ्यायचे. बरं, भांडावं तरी कुणाशी? आमचा राग दुपारभर उतू जाऊन गेलेला असायचा आणि त्यांच्या लेखी क्षणही झालेला नसायचा.

नवव्या दिवशी सकाळी आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "मला तुमच्या पुढं जायचं नाही," ती म्हणाली. "मी म्हातारी होऊन जाईन आन तुम्ही बसाल हितंच. मी गेल्यावर तुमच्या हातातला अडकित्ता कोण काढून घेईल?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. मी बटण दाबून बघितलं. लाइट होती.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरवाले मठपती आले. घरात पंखे किती, ट्यूब किती, माणसं किती आणि त्यातली विजेवरची किती, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग मीटर लावून अण्णांना बोलायला सांगितलं.

"साधं बोलताना पंख्याएवढा लोड आहे," मठपती म्हणाले. "पण तक्रार करताना दुप्पट होतो. कमी बोलले तर बॅटरी चार तास पुरंल. नाही तर अडीच."

"म्हणजे पैसे देऊन वर गप्पही मीच बसायचं?" अण्णा म्हणाले. मीटरचा आकडा चढला, तो मठपतींनी लिहून घेतला.

पहिल्या दुपारी एकला लाइट गेली आणि अण्णा चालू राहिले. आई सवयीने स्टूल ओढून आली, अडकित्त्याला हात घातला. "माझा अडकित्ता कशाला?" अण्णांनी विचारलं. तिने हात मागे घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या माहेरी त्या विहिरीवर एकदा..."

"विहीर नव्हती ती. आड होता."

तिने आणखी तीन गोष्टी सुरू केल्या. अण्णांनी तिन्ही दुरुस्त केल्या आणि मधूनमधून बॅटरी किती उरली हे मला बघायला लावलं. आई उठून आत गेली. पुढचे तीन दिवस ती दुपारी डबे पुसत बसली. डबे स्वच्छच होते.

मला राहवलं नाही. "एवढा हट्ट करून घेतलास ना इन्व्हर्टर? मग बस की त्यांच्याजवळ."

"छत्तीस वर्षं दुपारी त्यांच्याशीच बोलत आले," ती म्हणाली. "समदं सांगितलंय त्यांना. आता ते ऐकतात, तर बोलता येईना."

"मग बंद करू का इन्व्हर्टर?"

"नको. वय मागं राहील त्यांचं."

याला काय करणार? मी कपाळाला हात लावला. बाहेरच्या खोलीत अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी एकला लाइट गेली. "या सुपारीला काही," अण्णा म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थांबले. माझं टाळकं सरकलं. पाच दिवसांत सत्तावीस हजार पाण्यात. मी मठपतींना फोन करून नाही नाही ते बोलले. अर्ध्या तासात ते घामाघूम होऊन आले. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी मीटर लावला, काढला, परत लावला.

"इन्व्हर्टर चांगला आहे, मॅडम. लोड येतोय."

"कशाचा?"

"एका माणसाचा. गप्प बसलेल्या."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या नाकावर माशी बसली होती आणि नाक थोडंसं हलत होतं. आईने तोपर्यंत अडकित्ता काढून घेतला होता आणि स्टुलावर बसून ती विहिरीची गोष्ट सांगत होती. विहीरच म्हणत होती. अण्णांनी दुरुस्त केलं नाही.

मठपतींनी तक्रारवहीत 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि मी सही केली.

पाचला लाइट आली. पंखा जोरात फिरायला लागला. आईची गोष्ट अजून चालू होती, म्हणून अण्णा सुरू झाले नाहीत. सव्वापाचला गोष्ट संपली. आईने डोळे पुसले आणि अडकित्ता त्यांच्या हातात दिला.

"चव नाही," अण्णा म्हणाले.