नानांच्या कॅसेटमधली रिकामी जागा

इंग्रजी बोलण्यापूर्वी आमचे शेजारी नाना डोक्यावर टोपी चढवीत आणि पायांत वहाणा घालीत. तेही स्वतःच्याच स्वयंपाकघरात. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "साहेबनी भाषा शे भाऊ. उघडं डोकं ठेवीसन कशी बोलानी?"

ही ऐंशीच्या दशकाअखेरची, धुळ्यातली गोष्ट. नानांच्या मुलाने मद्रासच्या मुलीशी लग्न केले. नवी सून आठ दिवस सासरी राहिली. तिला मराठी येत नव्हते, घरात कोणाला इंग्रजी येत नव्हते. बोलता येईना म्हणून नाना आठही दिवस तिच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढत राहिले. ती नवऱ्याबरोबर मद्रासला परत गेली आणि नानांनी टपालाने चालणाऱ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात नाव घातले.

वर्गाकडून कॅसेट येई. तीत एक बाई प्रश्न विचारी, उत्तरापुरती रिकामी जागा सोडी आणि 'व्हेरी गुड' म्हणे. विद्यार्थ्याने आपली उत्तरे कोऱ्या कॅसेटवर भरून पाठवायची. नानांना घाम फुटे. त्यांचे तोंड उघडेपर्यंत बाई शाबासकी देऊन पुढे गेलेली असे. "हाई बाईले इतली घाई कसानी शे?" ही त्यांची तक्रार मी रोज ऐकत असे.

भरताना त्यांच्या आवाजात आमचा आवाज मिसळू नये, असे नानांनी सांगितल्यावरून सकाळी आमचा कुकर बंद झाला, पत्नीने पूजेची घंटा थांबवली, मी खोकला आवरू लागलो. तीन महिन्यांत एकही कॅसेट टपालात पडली नाही. एका सकाळी भिंतीपलीकडून 'आय ॲम… आय ॲम…' अकरा वेळा ऐकल्यावर माझा संयम सुटला. मी मोठ्याने म्हणालो, "नाना, तुम्ही आहात, हे गल्लीला समजले."

पलीकडे रेकॉर्डरचे बटण खटकन बंद झाले. ते वाक्य मला आजही परत घ्यावेसे वाटते.

आठवडाभर शांतता होती. मग नाना स्वतःच कॅसेट घेऊन आले. "आयकी ल्या भाऊ. चुकनं व्हई ते धाडाव नही." पाकिटावर वर्गाचा नव्हे, सुनेचा पत्ता होता.

मी कॅसेट लावली. 'हाऊ आर यू, बेटी?' नंतर बराच वेळ केवळ वहाणेची करकर. मग हलकेच, 'व्हेरी गुड.' पुढे, 'यू ईट?' आणि त्याहून लांब शांतता. टेप बिघडली असे समजून मी बटणाकडे हात नेला.

नानांनी तो अलगद धरला. "थांबा भाऊ," ते कुजबुजले, "आते ती बोली राहिनी."

मी हात मागे घेतला आणि, या वेळी कोणी न सांगता, खोकला आवरला.