सुमेधचा बिनघाईचा खेळ

आमच्या गल्लीत कोणी खिशातून मोबाइल काढला, की सुमेध त्याच्या तोंडाकडे बघत नाही, अंगठ्याकडे बघतो. अंगठा कुठे अडला, कुठे उगाच फिरला, सगळं डोक्यात साठवतो. एकदा आम्ही दोघं एका मयतीच्या घरी बसायला गेलो होतो. घरचे गृहस्थ मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो शोधत होते. हा त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि हळूच मला म्हणाला, "सर, तिसऱ्या खेपेले वापस गेले. फोटोची जागाच चुकीची हाये." मी त्याला कोपराने ढोसलं. त्याला वाटलं, मुद्दा मला पटला.

सुमेध माझा शेजारी. वय चौतीस, लग्नाचं विचारलं तर "पाहू". मानोऱ्यात घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइलवरच्या खेळाचं काम करतो. कोणतं बटण कुठे, केवढं, दाबल्यावर पुढे काय, हे तो ठरवतो. खेळणाऱ्याला कोणाला काही विचारावं लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. समोरच्या रशीदभाई टेलरनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मतलब बटन लावाचं काम. ते तं मी बी करतो."

खेळ सोपा आहे. घरची माणसं गोल करून बसतात आणि एकच मोबाइल हातोहात फिरतो. त्यावर प्रश्न येतो, "इथे सगळ्यात जास्त कोण घोरतं?" ज्याची पाळी, त्याने पाच सेकंदांत एका नावावर बोट ठेवायचं. नाही ठेवलं तर बाद.

हा खेळ त्याने अख्ख्या गल्लीवर तपासला. इंझोरीच्या एका लग्नात तर पंगतीची वाट बघणाऱ्या पाहुण्यांनाही सोडलं नाही. तपासताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो, चुकून बोट दाखवलं जायला नको म्हणून. माझी बायको वैतागून म्हणाली, "अरे, आता कुठं दाबू?"

"तुमाले काय वाट्टे, वहिनी?"

"मले वाट्टे, तू आता घरी जावं."

त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

मात्र कोणी चुकलं, की माफी हाच मागतो. "तुमी नाही चुकले, मी चुकलो." रशीदभाईंना हे इतकं आवडलं, की ते रोज दुपारी येऊन मुद्दाम काहीतरी चुकीचं दाबून जायला लागले. "घरी असं कोणी म्हणत नाही न, सर," असं त्यांनी मला खासगीत सांगितलं.

मग एक दिवस त्याने मोबाइल आपल्या आईच्या हातात दिला. सुभद्रामावशींनी जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला. बोटांची कातडी इतकी राठ झाली आहे, की मोबाइलला ती बोटं कळतच नाहीत. मावशी दाबत होत्या आणि पाच सेकंद संपत होते. बाद. पुन्हा बाद. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "तुमी खेळा मास्तर, मी पाह्यतो." हसतच म्हणाल्या. सुमेध हसला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅडमशी त्याचं वाजलं. रेंज फक्त माझ्या फाटकापाशी येते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकलं. सेकंद काढून टाका, असा त्याचा हट्ट. मॅडम म्हणाल्या, "अरे, मजा त्या सेकंदांतच आहे. नाहीतर लोक कंटाळून उठतील. एका घरात खेळवून दाखव. उठले, तर तुझं काम दुसऱ्याला जाईल." हा म्हणाला, "चालते."

त्याने बटणं भाकरीएवढी केली. बोट जरा वेळ टेकवून ठेवलं तरी चालेल असं केलं, आणि सेकंद काढून टाकले. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याचे दोन भाऊ आणि बहीण बालबच्च्यांसह आले. एरवी ते दोनच माणसांचं घर. जेवणं झाल्यावर खेळ मांडला, मलाही बसवलं. पहिल्याच पाळीला मावशींनी धाकट्याच्या नावावर बोट टेकवलं आणि नाव हिरवं झालं. त्या सगळ्यांना ते दाखवत सुटल्या.

पुढच्या पाळीला त्यांना प्रश्न आला, "इथून सगळ्यात आधी कोण उठेल?" थोरल्याला चारची गाडी होती. मावशी बघत राहिल्या. दाबेचनात.

"आई, दाब न."

"थांब, इचार करून राह्यली."

मग एकेका नावावर त्यांचा विचार सुरू झाला. हा शाळेतून कसा पळून यायचा, ती जेवता जेवता कशी झोपायची. सगळे हसून बेजार. थोरला सुमेधला म्हणाला, "तिले समजलं नाही वाट्टे. सांग न."

"समजलं तिले," सुमेध म्हणाला.

थोरल्याने आईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मांडी घातली.

दोन दिवसांनी सुमेध फाटकापाशी भेटला. मी म्हटलं, "जिंकलास की. पाऊण तास कोणी उठलं नाही."

"नाही न, सर. ते खेळापायी नाही बसले, आईपायी बसले. तसंच लिहून धाडलं कंपनीले."

"अरे, मग काम जाईल."

"जाईल," तो म्हणाला. "पण आई बाद नाही झाली."