आधी बोटं द्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या दौलतनानांच्या दारात कशासाठीही उभे राहा, नाना आधी म्हणणार, "बोटं द्या!" मग खिशातून खोडरबराएवढं यंत्र काढून तुमच्या दोन्ही हातांची बोटं त्यावर टेकवणार. अर्धं मिनिट गप्प बसलं की त्यांच्या मोबाईलवर तुमच्या हृदयाचा आलेख हजर. गॅसवाला, केबलवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणाचीच सुटका नाही.

नानांनी जन्मभर लासलगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारले. ठोके चुकायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी हे यंत्र घ्यायला लावलं आणि नाना नाशकात, गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत राहायला आले. सुरुवातीचे त्यांचे आलेख पाहून डॉक्टरच घाबरले. नंतर कळलं, मोजता मोजता नाना खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करत होते.

निदान मात्र बाजारातलंच. "तुमचा माल एक नंबर हाय!" हे मला. माझ्या बायकोला, "वहिनी, आवक लय जोरात हाय, चहा कमी करा."

एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या कापरेबाई तणतणत वर आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. नानांच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं होतं. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"नाना, आज सोडणार नाही तुम्हाला!"

"भांडू की. आधी बोटं द्या."

"डोकं फिरलंय तुमचं!"

"फिरू द्या. एक जिना चढून केवढी धाप लागलीय तुम्हाला. द्या बोटं."

भांडण लवकर सुरू व्हावं म्हणून बाईंनी बोटं टेकवली. नानांनी आलेख पाहिला, पुन्हा काढला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, चपला घाला. डॉक्टरकडं जाऊ."

रिक्षात बाई कुरडयांवरून बोलत राहिल्या आणि नाना मान हलवत राहिले. डॉक्टरांनी बाईंना ठेवून घेतलं. म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलात." बाई ठणठणीत होऊन परतल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी वर येऊन, नानांना शाळेतल्यासारखं उभं करून, सगळ्या कुंड्या त्यांच्याकडून हलवून घेतल्या.

परवा डॉक्टरांनी नानांना सांगितलं, तब्येत उत्तम आहे, आता आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे. तरी काल दुपारी नाना बोटं टेकवून बसलेलेच. मी विचारलं, "आता रोज कशाला?"

"आलेख पुण्याला लेकीला पाठवतो," ते म्हणाले. "आधी सणावारीच फोन यायचा. कामात असती बिचारी. आता रोज 'छान' लिहिती. आठवड्यातून एकदाच पाठवला, तर बाकीचे दिवस मला छान कोण म्हणणार?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. नानांनी वाचलं आणि माझ्यापुढे धरला. 'छान. जेवलात का बाबा?'

"जेवलो का विचारतीय!" नानांचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला.

"मग कळवा की, जेवलो म्हणून."

"अजून कुठं जेवलोय?" नाना लगबगीनं उठले. "थांबा, आधी दोन घास खातो. लेकीला खोटं कसं लिहू?"