न पोचलेल्या पेशंटची खुशाली

टिटवीला मोठ्या बालरुग्णालयात पाठवून सतरा दिवस झाले होते, आणि गेले सहा दिवस डॉक्टरांना तिची काहीही खबर नव्हती.

टिटवी म्हणजे सहा वर्षांची, तोंडाला क्षणाची उसंत नसलेली पोर. दर मंगळवारी खोकला घेऊन आईबरोबर दवाखान्यात यायची. तपासून झाले की डॉक्टरांचा स्टेथोस्कोप स्वतःच्या कानांत अडकवून त्यांचीच छाती तपासायची, "चालू आहे" असा निकाल द्यायची आणि मगच स्टुलावरून उतरायची. तिच्या ठोक्यांमागे फटीतून वारा शिरावा तसा आवाज पहिल्यांदा ऐकला तो डॉक्टरांनी. चार तासांच्या वाटेवरच्या त्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली तीही त्यांनीच. आणि निघताना तिच्या आईचे डोळे भरले तेव्हा, मला रोजच्या रोज कळणार आहे, काळजी करू नका, असे छातीठोकपणे सांगितले तेही त्यांनीच.

कळत होतेही. त्या रुग्णालयाची शिस्तच तशी. ज्या डॉक्टरने मूल पाठवले त्याच्या मोबाइलवर रोज दुपारी चारला खुशालीचा निरोप यायचा. आज ताप नाही. आज चार घास जेवली. चार वाजले की डॉक्टर समोरच्या पेशंटला जीभ बाहेर काढलेल्या अवस्थेत तसेच ठेवून फोन उघडायचे. अकराव्या दिवशी निरोप आला की उद्या शस्त्रक्रिया. त्यानंतर निरोप थांबले ते थांबलेच.

आईचा फोन बंद, घराला कुलूप. मंगळवार आला आणि स्टूल रिकामे राहिले. कंपाउंडर ते उचलून कोपऱ्यात सरकवायला गेला, तर डॉक्टर म्हणाले, असू दे तिथंच.

शेवटी त्यांनी रुग्णालयाच्या माहिती कक्षाला फोन लावला. तिथल्या बाई बोलायला फार गोड होत्या आणि नियमाला त्याहून पक्क्या. मुलीला आता हृदयरोग विभागाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया विभागाकडे पाठवले आहे, तेव्हा पाठवणारे डॉक्टर ते झाले, आणि खुशालीही त्यांनाच जाते, असे त्यांनी समजावून सांगितले.

"ते बसतात कुठं?"

"शेजारच्याच खोलीत."

"म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाला तुम्ही रोज कळवता, आणि मी इथं..."

"मला समजतंय हो, डॉक्टर. पण तुमचं नाव आता फाइलवर नाही. पाठवणारे तुम्ही असता तर लगेच सांगितलं असतं."

हे शेवटचे वाक्य डॉक्टरांच्या डोक्यात शिरले आणि तिथेच बिऱ्हाड करून बसले. पाठवणाराच व्हायचे ना? मग पाठवू. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. नाव तेच, वय तेच, आजार तोच. चिठ्ठी जरा लवकर हलावी म्हणून प्रकृतीच्या रकान्यात लिहिले, गंभीर. कंपाउंडरने चष्मा कपाळावर चढवून ती वाचली.

"साहेब, ही पोर तिथंच आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग तिथल्या पोरीला तिथंच पाठवायची?"

"तू पाठव रे चिठ्ठी."

भोळा भाव देव समजून घेतो. संगणकाला ती सवय नाही. त्याने निमूट नवी फाइल उघडली, नवी खाट राखून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला निरोप धाडला, की आपला पेशंट अद्याप पोचलेला नाही. डॉक्टरांनी तो तीनदा वाचला. काही का असेना, निरोप सुरू झाले होते. पुढच्या दिवशी आला, पेशंट त्वरित पाठवावा. तिसऱ्या दिवशी सकाळी थेट फोनच आला. पलीकडे कोणी तरुण डॉक्टर होते, आणि चांगलेच तापलेले. हृदयाचे गंभीर दुखणे असलेले मूल तीन दिवस ठेवलेय कुठे, असे त्यांनी विचारले.

"तुमच्याकडेच आहे की."

"नाही आमच्याकडे. खाट रिकामी आहे, मी आत्ता डोळ्यांनी बघून आलोय."

डॉक्टरांच्या हातातला फोन जड झाला. कोणती खाट, हे त्यांना विचारायचे होते. तोवर पलीकडच्याने, आम्हीच गाडी पाठवतो, म्हणून फोन ठेवूनही दिला होता.

ते चार तास डॉक्टरांनी कसे काढले ते त्यांना आणि देवालाच ठाऊक. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. आतून नर्स उतरली, हातात अस्वलांच्या चित्रांची चादर आणि मुठीएवढा ऑक्सिजनचा मुखवटा. मूल कुठाय, असे तिने विचारले. डॉक्टरांनी होते ते सगळे, खोट्या चिठ्ठीसकट, सांगून टाकले. नर्सने एक उसासा सोडला. शस्त्रक्रिया विभागातले तिला काही माहीत नव्हते, पण गाडी रिकामी परत गेली तर कारणांचे तीन फॉर्म भरावे लागतात, हे पक्के माहीत होते.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलला आणि दवाखाना बंद करायला सांगितला. एकतीस वर्षांत तो असा कधी बंद झाला नव्हता.

"बोर्डावर काय लिहू?" कंपाउंडरने विचारले.

"पेशंट पोचवायला गेलोय, असं लिही."

गाडीतून उतरेल त्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधल्याशिवाय रुग्णालयात आत सोडत नसत. पट्टी सहा वर्षांच्या मुलीच्या मापाची निघाली, म्हणून ती डॉक्टरांच्या अंगठ्याला बांधली. वजन एकाहत्तर किलो भरले. त्याला संगणकाने हरकत घेतली. माहिती कक्षातल्या बाई स्वतः उठून आल्या, अंगठ्याकडे बघितले, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितले, आणि त्यांना सात नंबरच्या खाटेपाशी घेऊन गेल्या.

रिकामी होती ती आठ नंबरची. सातवर टिटवी बसली होती, वाळलेली, छातीवर पट्टी. शेजारी खुर्चीत आईला डुलकी लागली होती.

"तुम्हालापण काही झालंय?" तिने अंगठ्याकडे बोट दाखवून विचारले.

"झालं होतं थोडं."

तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप दिला. तिने बराच वेळ ऐकले. "चालू आहे. पण पळतंय फार." मग त्यांनी तिचे ऐकले. वारा कुठेच नव्हता. नुसते ठोके, एकामागून एक, टाळ वाजावेत तसे स्वच्छ.

"आता खोकला येत नाही मला," ती म्हणाली, "मग मंगळवारी मी कशाला येऊ?"

"नकोच येऊस," डॉक्टर म्हणाले, आणि स्टेथोस्कोपची घडी घालण्यात त्यांनी उगाच खूप वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चारला निरोप आला. आपला पेशंट काल सुखरूप पोचला. आल्यावर थोडा रडला, नंतर हसला. प्रकृती उत्तम, काल सायंकाळीच घरी सोडले. पुढील तपासणी मंगळवारी. तपासणार, खाट सातच्या डॉक्टरीणबाई.

डॉक्टरांनी फोन कंपाउंडरपुढे धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचले, खडू घेतला आणि बाहेरच्या बोर्डावर मंगळवारच्या पुढे लिहिले, बंद.