तात्यांचं पेंढ्याचं थेटर

बाळारामतात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून, डोळे मिटून क्षणभर उभे राहतात आणि निकाल देतात, "घुमतंय." घरमालकाने "या, बसा" म्हणायच्या आत.

आमच्या दहिवलीत याची आता सवय झाली आहे, पण नवख्या माणसाची भंबेरी उडते. एकदा आम्ही दोघं एका घरी दुखवट्याला गेलो होतो. चपला काढल्या, आत गेलो, आणि त्या शांततेत टाळी कडाडली. कोपऱ्यातल्या बायकांचं रडणं बंद पडलं. मी घाबरून तात्यांकडे पाहिलं, तर त्यांनी तेच दोन हात तसेच पुढे नेऊन नमस्कार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लय घुमतंय, मास्तर." त्या घरासमोरून मी अजून मान खाली घालून जातो.

मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. एवढ्या गुन्ह्यासाठी तात्यांनी मला त्यांच्या थेटरचा सल्लागार नेमलं. सल्ला मात्र आजवर एकही ऐकला नाही.

थेटर म्हणजे तळघरातलं. तात्यांचं घर उतारावर आहे. बांधताना भराव घालायच्या ऐवजी त्यांनी खाली एक लांबट खोली काढली, भात आणि पेंढा ठेवायला. दोन वर्षांपूर्वी भाताच्या कणग्या वर पडवीत आल्या आणि खाली पडदा, प्रोजेक्टर, पाच स्पीकर आणि दोन खुर्च्या गेल्या. दोनच. "बाकीच्यांनी बसायचं कुठे?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपापल्या घरी."

पहिला खेळ ताराकाकूंचा, त्यांनी बघितल्याशिवाय दुसऱ्या कुणी पडद्याला तोंड दाखवायचं नाही, हा तात्यांचा नियम. आणि ताराकाकू, म्हणजे त्यांची बायको, खाली पाऊल टाकायला तयार नव्हत्या. "तळघरात भात ठेवतात, मानसं नाय ठेवीत," एवढं बोलून त्या विषय संपवायच्या. तात्या चारचौघांत हसून घ्यायचे, पण त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. ती खाली यायला हवी. झालं.

तोवर ते खोली सुधारत राहिले. आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले. कर्जत स्टेशनाबाहेरच्या सगळ्या अंडा-भुर्जीवाल्यांकडून गोळा केलेले. आठवड्याभरात उंदरांनी त्यांत बिऱ्हाडं केली. मग मला मोटरसायकलवर मागे बसवून पळसदरीला नेलं, एका मुंबईकराच्या बंगल्यातलं थेटर बघायला. मखमली खुर्च्या, छताला चांदण्या. मालकाने मोठ्या अभिमानाने दिवे लावले. तात्यांनी टाळी वाजवली. मालकाला ती दाद वाटली, त्याने झुकून आभार मानले. "घुमतंय," तात्या म्हणाले, "आवाज कसा ताटात वाढल्यावानी पायजे. ह्यो अंगावर सांडतो." आम्हाला तिथे चहा मिळाला नाही.

परत येताना शिवारातून जाताजाता तात्यांना साक्षात्कार झाला. पेंढा! आवाज पेंढ्याइतका दुसरं कोण गिळतं? त्यांनी भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या, मध्ये आपल्याच शेतातला पेंढा दाबून भरला, वरून गोणपाट आणि त्यावर लाल कापड ताणलं. मी म्हटलं, "तात्या, तळघर आहे, ओल येईल." काकूंनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून वेगळीच हरकत घेतली, "औंदा पेंढा नीट झोडलेला नाय. अर्धं भात त्यातच हाय." तात्यांनी दोन्ही हरकती एकदमच फेटाळल्या.

काकूंचं म्हणणं खरं असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. भाताच्या पेंड्या फळीवर आपटून झोडायचं काम चाळीस वर्षं त्यांच्या नजरेखाली झालं. त्यांच्या खळ्यावरून दाणा हरवत नसे. पण अलीकडे त्या खळ्यावर जायच्या थांबल्या होत्या. लग्नाकार्याला जायच्या थांबल्या होत्या. आमच्याकडे आल्या तरी तात्या त्यांना बाहेर बसू द्यायचे नाहीत. टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, "तारा, तू आत गाद्यांच्या खोलीत बस." माझी बायको चिडायची. "बाईमाणसाला आत कोंबतात. कसले हो तुमचे तात्या!" मीही मनात तात्यांवर एक फुली मारून ठेवली होती.

शेवटी एकदा मी त्यांना सरळ विचारलं. तात्या भिंतीला खिळे मारत होते. पाठ माझ्याकडे होती म्हणून बोलले असावेत.

"तिला ऐकू येत नाय, मास्तर. चार वर्सं झाली. मशीन घेतली कानाची, पन मोकळ्या खोलीत घातली की नुस्तीच भांडी आपटल्यावानी होतं म्हनते. बोलन्याचा चिखल होतो. गाद्यांच्या खोलीत जरा समजतं. बाहेर मानसं हसतात, ही पन हसते. कशाला हसली ते तिला ठावं नाय. मला ते बघवत नाय."

मी विज्ञानाचा मास्तर. आवाज कशावरून आपटतो आणि कशात जिरतो हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. आणि हा माणूस घरोघरी टाळी वाजवत बायकोला बसायला जागा शोधत होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

श्रावणात एका दुपारी तात्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "मास्तर, या लवकर. थेटर उगवलं."

गेलो. ओल भिंतीतून पेंढ्यात उतरली होती, आणि लाल कापडाच्या विणीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भाताचे पिवळट कोंब बाहेर आले होते. स्पीकरच्या मागूनसुद्धा. तात्या खुर्चीत डोकं धरून बसले होते. मला हसू आवरेना, आणि मी हसतोय म्हणून वाईटही वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताराकाकू. नुकत्याच कानाच्या दवाखान्यातून आल्या होत्या, म्हणून मशीन कानातच राहिली होती. भिंत उगवल्याची बातमी त्यांना शेजारणीने हातवारे करून सांगितली होती, आणि भात उगवलंय म्हटल्यावर ही बाई वर कशी थांबणार? दोन वर्षांचा हट्ट त्या विसरूनच गेल्या. भिंतीजवळ आल्या, एक कोंब ओढून काढला, मुळाशी चिकटलेला दाणा नखाने सोलला.

"रत्ना भात हाय," त्या म्हणाल्या. "वरच्या खाचरातलं. मी सांगितलं व्हतं ना?"

"व्हतं," तात्या खाली बघत पुटपुटले. "चुकलं माजं."

"तुमचं कवा नाय चुकलं? झोडताना पेंडी कोनी धरली व्हती?"

"मीच," तात्या आणखी हळू म्हणाले. "तू नव्हतीस ना गं खळ्यावर."

मला तात्यांचं बोलणं जेमतेम ऐकू आलं. काकूंनी मात्र लगेच उत्तर दिलं, "आता येईन. तुमच्या हाती सोपवलं तर पुढच्या वर्सी घराला लोंब्या येतील."

आणि मग त्या थांबल्या. तात्याही थांबले. काकूंनी "काय?" विचारलं नव्हतं. तात्यांना ओरडावं लागलं नव्हतं. काकूंचा हात कानाकडे गेला, मग खोलीभर नजर फिरली, त्या उगवलेल्या भिंतींवरून. त्या हळूच खुर्चीत बसल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारू लागल्या, खालच्या खाचराचं काय केलंत, बांध कोणी घातला, थोरल्या जावेच्या मनात माझ्याबद्दल काय आहे. चार वर्षांचं साठलेलं. तात्या एकेकाचं उत्तर देत होते, कुजबुजल्यासारखं, मुद्दाम आणखी हळू, आणि प्रत्येक शब्द पोचत होता.

मला तिथे काही काम उरलं नव्हतं. तरी उगाच काहीतरी करायचं म्हणून मी रिमोट उचलला. "तात्या, लावू का पिक्चर?"

तात्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. ती बोलतेय."