श्री, वय वर्षे शंभर

माझी दहा माणसं त्या फॉर्मने गिळली, हे मी चार दिवस घसा फोडून सांगत होते. घरात एकाने विश्वास ठेवला असेल तर शपथ! नवरा म्हणाला, "फॉर्म कशाला माणसं गिळेल?" मुलगी म्हणाली, "आई, तूच काहीतरी दाबलं असशील." (आमच्या घरात काहीही बिघडलं की ते मीच दाबलेलं असतं. मिक्सर, गीझर, नवरा.)

सुरुवातीपासून सांगते. आमच्या तनुजाचा साखरपुडा ठरला. मुलगा सलिल, आयटीतला. आम्ही बिबवेवाडीचे, मी पोळ्या लाटून देते, शिक्षण चौथी. त्याची आई वासंतीताई निवृत्त मुख्याध्यापिका. बोलतात इतकं गोड, की आपला अपमान झालाय हे घरी आल्यावर कळतं. हॉल लहान, म्हणून दोन्हीकडची वीस-वीस माणसं ठरली. आता वीस नावं एका कागदावर मावतात. पण जावई आयटीतला! त्याने मोबाइलवर फॉर्म पाठवला.

"दे आई, मी भरते," तनुजा म्हणाली.

"का? मला अक्षरं येत नाहीत?" म्हणत मी मोबाइल ओढून घेतला. इथेच माशी शिंकली.

पहिली चौकट उघडली. कोरीच होती. कोऱ्या कागदावर आधी काय लिहायचं, ते आमच्या गुरुजींनी छडीने शिकवलंय. किराण्याची यादी असो की वीजबिलाची तक्रार, माझ्या हातून वर श्री पडतोच. तोच लिहिला, दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा ओढून. लगेच लाल अक्षरं : 'चिन्हे चालणार नाहीत.' रेघा पुसल्या. पुन्हा लाल : 'वय भरा.'

देवाचं वय काय सांगू? हजार टाकलं. लाल : 'वय एक ते शंभर.' बरं बाबा, शंभर. (मोबाइलशी हुज्जत कोण घालणार!) शंभर टाकताच खालून दोन नव्या चौकटी पोळी फुगावी तशा टम्म वर आल्या. 'चाकांची खुर्ची हवी का?' 'मऊ भात हवा का?' रिकाम्या सोडल्या तर पुढे जाऊ देईना. आता देवाच्या नावावर 'नाही' कसं लिहायचं? दोन्हीकडे 'हो' लिहिलं.

मग 'आणखी पाहुणा' दाबून माझ्या भावाचं नाव भरलं. पुढची वहिनी. पण भावाच्या आधी श्री आणि वहिनीच्या आधी नाही, असा दुजाभाव माझ्याच्याने होत नाही. म्हणून प्रत्येकाच्या आधी श्री, शंभर, खुर्ची, भात. बोटं दुखायला आली. दहा माणसं झाली आणि 'आणखी पाहुणा' गायबच झाला! वर हिरवी अक्षरं : 'धन्यवाद. आपले वीस पाहुणे नोंदले.'

"वीस? अगं, दहाच झाले!"

तनुजाने सलिलला विचारलं. "आई, त्याच्याकडे आकडा वीसच दिसतोय."

म्हणजे माझी दहा माणसं कापली! मी थेट विहिणीला फोन लावला.

"वासंतीताई, तुमच्या मुलाच्या फॉर्मने माझी दहा माणसं खाल्ली."

"अहो, वीसच आहेत की. आणि त्यातली दहा तर पाया पडावं अशी!"

मला टोमणाच वाटला. "पाया तुमच्या माणसांच्या पडा! माझी माणसं परत द्या, नाहीतर साखरपुडा तुमचा तुम्ही करा!" असं म्हणून फोन आपटला. (गादीवर. हप्ते चालू आहेत.)

तनुजा रडायलाच लागली. "माझं लग्न मोडशील तू आई."

पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? रविवारी वीसच्या वीस माणसं घेऊन मी हॉलवर धडकले. पदर खोचूनच.

दारात वासंतीताई उभ्या. हातांत शालींची चळत. मागे दहा चाकांच्या खुर्च्या ओळीने, उशा लावून. प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी : 'श्री, वय १००.'

"या, या," त्या म्हणाल्या. इतक्या नम्र मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. "फोनवर चिडलात, पण मी मनावर घेतलं नाही. ज्या घरात शंभरीची दहा माणसं, त्या घरची मुलगी कोण सोडेल! कुठायत मंडळी? उतरवायला कुणाला पाठवू?"

"कोण मंडळी?"

"अहो, श्री! दहाही जणांचं नाव एकच. सलिल म्हणाला, पूर्वी पद्धत असेल तशी."

माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तो मला मुळीच आवडला नाही. तनुजाने चिठ्ठ्या वाचल्या. "आई... तू दर वेळी श्री लिहिलास?"

"मग काय अपशकुन करू?" मी आवाज चढवला. "चूक फॉर्मची आहे! एकाच नावाची शंभर वर्षांची दहा माणसं येतात, भाताची चौकशी करतो, आणि 'बाई, हे काय?' एवढं विचारता येत नाही त्याला?"

सलिल चष्मा पुसत म्हणाला, "बरोबर आहे काकू. चौकट रिकामी नाही एवढंच मी तपासलं. आत माणूस आहे की देव, ते तपासायचं राहिलं."

"बघा!" मी म्हटलं. पण कोणी बघेना. सगळे वासंतीताईंकडे बघत होते. तनुजाने माझा दंड घट्ट धरला होता.

वासंतीताईंनी शालींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुर्गाताई, तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, पान कोरं सोडू नका, वर श्री लिहा. एकानेही ऐकलं नाही. तुम्ही मात्र सगळ्यांचा भरून काढलात." आणि पहिली शाल माझ्याच खांद्यावर टाकली. "चला, मुहूर्त टळेल."

(तो सत्कार होता की अपमान, ते घरी आल्यावरही कळलेलं नाही.)

साखरपुडा झाला. साध्या खुर्च्या संपल्या, तेव्हा माझी उरलेली दहा माणसं चाकांवर बसली. आमचे शंभूभाऊजी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले, एका बैठकीत वीस जिलब्या खाणारे. पुढ्यात मऊ भात घेऊन ते माझ्याकडे असे बघत होते, की कारखान्यातला माल घरी आणू देत नाहीत हेच माझं नशीब.

काल लग्नाचा फॉर्म आला. अगदी वर रेघांसकट छापील श्री. खाली लाल अक्षरं : 'श्री आम्ही लिहिला आहे. पाहुण्यांनी पुन्हा लिहू नये.' म्हटलं, चला, मुलगा सुधारला! त्याच्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'हा नियम का?' दाबून बघितलं. एक नवी चौकट टम्म फुगून वर आली. आत एकच नाव होतं : दुर्गाबाई.