वाडीवरचा खलनायक

आमचे शेजारी विश्वासराव केंजळे भाजी घ्यायला गेले की भाजीवाली मावशी न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकते. काकांनी फक्त डावी भुवई वर केलेली असते. उभा जन्म त्यांनी नाटकांत आणि सिनेमांत खलनायक रंगवले. सावकार, भोंदूबुवा, इस्टेटीवर डोळा ठेवणारे चुलते. ती भुवई आता त्यांच्या स्वतःच्याही ताब्यात राहिलेली नाही. "पालक ताजा आहे का?" एवढंच विचारलं तरी समोरच्याला वाटतं, आता हा आपला सातबारा मागणार.

"राजे, भूमिका वेगळी, माणूस वेगळा," हे त्यांचं पालुपद. लहानथोर सगळे त्यांचे राजेच. चिक्कीच्या दुकानाबाहेर पर्यटक त्यांना गाठतात आणि सेल्फीसाठी जरा रागानं बघा म्हणतात. काका मनापासून डोळे वटारतात. फोटो झाला की त्याच चेहऱ्यानं सांगतात, शेंगदाण्याची घ्या, काजूची दाताला चिकटते.

लोणावळ्यात राहायला आल्यापासून नाटकातून जे मिळतं त्यातलं बरंचसं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनांना घालतात. मावळातल्या वाड्यावस्त्यांवरून म्हातारी माणसं आणायची, दवाखान्यात डोळे करून घ्यायचे आणि परत घरी पोचवायची. गाडी माझी. माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि मालाची व्हॅन सुट्टीच्या दिवशी मोकळी असते, हे काकांनी मला न विचारताच ठरवून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भाजे लेण्यांच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. काका व्हॅनमधून उतरले आणि अंगण रिकामं झालं. कोंबड्यासुद्धा थांबल्या नाहीत. शेवटी एका बाईनं दाराआडून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. काकांची नवी मालिका चालू होती. तीत ते गरिबांच्या किडन्या विकणारे डॉक्टर झाले होते. आणि तोच डॉक्टर आज गाडी घेऊन, दवाखान्यात चला म्हणत दारात उभा होता.

काकांनी भूमिका आणि माणूस यांतला फरक समजावून सांगितला. आवाज सवयीनं थिएटरातला लागला. उरलेसुरलेही रानात पसार झाले.

एकटी म्हातारी ठकूबाई बसून राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोती पिकलेला, त्यामुळे काकांचा चेहरा तिला दिसतच नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचं डोळं बरं हायती का?

काकांच्याही एका डोळ्यात मोतीबिंदू होता. कितीतरी दिवस संवाद ते माझ्याकडून वाचून घेत होते. गावोगाव म्हाताऱ्यांना धीर देणारा हा माणूस स्वतः सुईला घाबरायचा. पण ठकूबाईशी ते खोटं बोलले नाहीत.

"मंग आदी तुमी पडा त्या खाटंवर," ती म्हणाली. "तुमी जित्तं आलात, की मी येते."

ऑपरेशनच्या दिवशी ठकूबाईला बाहेर बाकावर बसवलं. पडद्यावर गावंच्या गावं जाळलेले काका आत जाताना माझा हात सोडेनात. डोळ्याला हात लागण्याआधीच त्यांनी मारलेली आरोळी बाकापर्यंत स्पष्ट ऐकू आली. पण थोड्या वेळानं डोळ्यावर पट्टी बांधून ते आपल्या पायांनी बाहेर आले. ठकूबाईनं त्यांची कंबर दोन्ही बाजूंनी नीट चाचपली, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली आणि मगच आत जायला उठली.

पुढच्या खेपेला त्या वाडीवरून व्हॅन भरून माणसं आली.

मधल्या काळात दोघांना तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर काकांवर रागावले. डोळा लालभडक झाला होता. थेंब वेळच्या वेळी पडत नव्हते. काकांनी आधी शूटिंगचं कारण सांगितलं. मग म्हणाले, "एकट्यानं घालताना नेम चुकतो हो. थेंब गालावरच पडतात." काकू गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नाही. मी विचारायचो तेव्हा मात्र, घरात वर्दळ असते, असंच सांगायचे.

ठकूबाईनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. सुनेला निरोप धाडला, की डोळं बरं हुईस्तवर मी हितंच हाय.

त्या दिवसांत सकाळी गॅलरीत आलो की काकांच्या पायरीवर दोघं बसलेली दिसायची. आधी ती त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची, मग ते तिच्या. मग दोघंही डोळे मिटून, आभाळाकडे तोंड करून, थेंब मुरेपर्यंत शेजारी शेजारी बसून राहायची.